बंद दारांचं वजन

ऑफिसात बाईंना सगळे चिकटपट्टी म्हणत. हे नाव मुळात कुणी ठेवलं यावर दोन मतं होती, पण ते शोभतं यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि त्यात बाईही आल्या. सरकारी पाहणीसाठी घरोघर जायचं आणि विचारायचं, गेल्या आठवड्यात कामाला कोण गेलं, किती तास काम केलं, कमाई किती झाली, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. असले प्रश्न सख्ख्या मेव्हण्याने विचारले तरी माणूस पंखा लावायला उठतो. इथे तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली परकी बाई. तिच्या तोंडावर दार आपटणं हा लोकांचा हक्कच होता, आणि लोक तो पुरेपूर बजावत. बाई मात्र आपटलेल्या दाराला कधी दार आपटलं असं म्हणत नसत. आज त्यांना वेळ नव्हता, असं म्हणत आणि परत जात.

त्यांची म्हणून एक पद्धत होती. बेल एकदाच वाजवायची आणि दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे आतून बघणाऱ्याला अख्खं माणूस दिसतं. दार उघडलं की घरात डोकवायचं नाही. कुणाचीही तब्येत विचारायची नाही, कारण ती खरंच बिघडलेली असली तर अर्धा तास जातो. पाणी मागायचं, पण चहाला नाही म्हणायचं. या चार गोष्टींवर बाईंनी अख्खी नोकरी काढली होती, आणि नव्या भरतीतल्या पोरींना त्या हेच शिकवत. पाहणीच्या पुस्तिकेत यातलं काही नव्हतं, कारण पुस्तिका लिहिणाऱ्याने बहुतेक बेल वाजवलीच नव्हती.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा पारा चढायचा. कुठल्या घरी जायचं हे वरच्या मजल्यावरून ठरून येई. घर बंद असलं की नवी पोरगी शेजारच्या दारी जाई आणि बाजूच्या काकू घरात होत्या, त्यांचं घेतलं, असं आनंदाने येऊन सांगे. मग बाई तिला बसवून घेत. म्हणत, अगं, शितावरून भाताची परीक्षा हाच आपला उद्योग, पण हाताला लागलं ते वरचं शीत उचलून कसं चालेल, भात खाली करपलेला असतो. निवडलेलं एकेक घर स्वतःसारख्या शंभर घरांच्या वतीने बोलतं. हेच त्याचं वजन. ते घर बोललं नाही, तर त्याचं वजन त्याच्यासारख्याच दुसऱ्या बोलक्या घरावर जातं. ते कुणावर टाकायचं हे वरचे ठरवतील, आपण परस्पर काकूंच्या गळ्यात मारायचं नाही.

इतकं सगळं समजणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षं एक चूक केली, आणि ती फक्त याच माणसांच्या हातून होऊ शकते अशी होती. नियम असा होता की बंद दाराला तीनदा जायचं. हे लोक प्रामाणिकपणे तीनदा जात. पण ऑफिसची गाडी त्यांना सकाळी कचेरी उघडल्यावर सोडी आणि चार वाजता उचलून आणी, म्हणजे तीनही वेळा जायचं ते भर दुपारीच. जी माणसं कामावर जातात म्हणून दार बंद, त्यांना ही मंडळी कामाच्या वेळीच तीनदा भेटायला जात आणि 'बंद' अशी नोंद करून समाधानाने गाडीत बसत. बाईसुद्धा त्यातल्याच. तिसरी फेरी त्या कधी चुकवत नसत, आणि याचा त्यांना अभिमान होता.

त्या वर्षी नदीपलीकडच्या भागात पाहणी झाली. बाई राहायच्या त्याच भागात, त्यामुळे स्वतःची गल्ली सोडून बाकीची घरं त्यांच्या वाट्याला आली. तिथलं पाळणाघर पालिकेच्या जुन्या दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये होतं. हिरव्या रंगाचे पोपडे आलेल्या भिंती, खिडकीच्या गजांना बांधलेले मऊ कपडे, आणि पंचवीस पोरांमागे दोन सांभाळणाऱ्या. बाईंचा दीड वर्षांचा नातू त्यांतलाच एक. मुलगा मालट्रकवर, आठवड्याचे पाच दिवस बाहेर. सून शहर बस चालवायची आणि तिची पाळी पहाटेची. ती उठून गेली की बाई नातवाचं सगळं आवरत, पाळणाघर उघडलं की त्याला तिथे सोडत आणि ऑफिसला पळत. या पळापळीत एक दिवस त्यांनी ओळखपत्राऐवजी नातवाचं लाळेरं गळ्यात अडकवून एका घराची बेल वाजवली होती. त्या घराने सगळी उत्तरं दिली.

पालिकेला आता त्या हॉलमध्ये गोदाम करायचं होतं. चार-दोन बायांसाठी जागा अडवायची कशाला, असं म्हणणं पडलं. शेवटी ठरलं की पाहणीचे आकडे बघायचे. लहान मूल सांभाळून कामाला जाणाऱ्या आया त्या भागात सहाशेच्या वर निघाल्या तर पाळणाघर राहील, नाहीतर बंद. बंद झालं तर सासू किंवा सून, दोघींपैकी एकीला घरी बसावं लागणार होतं. बाईंच्या पेन्शनला अजून चार वर्षं होती. सुनेने बसचा परवाना मिळवायला तीनदा परीक्षा दिली होती. घरी बसायचं कुणी हे दोघींना न बोलता माहीत होतं, कारण अशा वेळी धाकटीच बसते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत वजनकाटा खाली आला.

वजनकाटा म्हणजे वरच्या मजल्यावरचा तरुण अधिकारी. कुणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं हे तो ठरवायचा. अंगाने काडी पैलवान, शर्ट दोन मापं मोठा, आणि नाव हे असं. नाव ठेवणाऱ्यांची हौस दांडगी. वरचे लोक खाली यायचे नाहीत, निरोप पाठवायचे. हा मात्र स्वतः जिना उतरून आला आणि बाईंच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसला.

त्याचं म्हणणं असं होतं. नदीपलीकडच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या तरुण आयांची अकरा घरं निवडली होती. एकेक घर शंभरांच्या वतीने. त्यांतली दहा बंद निघाली. उघडलं एक, म्हणून अकराशे जणींचं सगळं वजन त्या एकटीवर आलंय. ती कामाला जाते, म्हणजे हिशोबाने अकराशेच्या अकराशे जणी कामाला जातात. ती घरी बसत असती तर सगळ्या घरी बसल्या असत्या. हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. अशा वेळी वजन छाटायची पद्धत आहे. तिचं वजन छाटून उरलेलं त्या भागातल्या बाकीच्या आयांवर पसरवायचं.

"बाकीच्या म्हणजे दुपारी घरात असतात त्या," बाई म्हणाल्या.

"त्याच. मग आकडा सहाशेच्या खाली जाईल. म्हणून तर तुमच्याकडे आलो. ताई, ती बाई तुम्हाला आठवते का? ती एखादीच अशी आहे, की तिच्यासारख्या बऱ्याच असतील? तुम्ही बऱ्याच म्हणालात तर मी छाटत नाही. तसा अधिकार आहे मला."

बाईंना ती लख्ख आठवत होती. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लॉंड्रीत मशीनवर काम करणारी. त्या दिवशी घरी होती ती केवळ पोराला ताप होता म्हणून. पोर खांद्यावर टाकून तिने दारातच सगळी उत्तरं दिली होती, आणि मधूनमधून बोलू नका अशी खूण करत होती, कारण पोराला नुकतीच झोप लागत होती. ताप आला नसता तर तेही दार बंदच असतं.

आता नुसती मान हलवायची होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे तर ती अकराशेची होती. पाळणाघर वाचलं असतं, सून बसवर राहिली असती, आणि बाई खोटं बोलल्याचं कुणी म्हणालंही नसतं. कारण बाईंना मनापासून वाटत होतं की तशा बऱ्याच आहेत. पण वाटणं वेगळं आणि विचारून येणं वेगळं, एवढं एकच त्या नोकरीत शिकल्या होत्या. नातवाचं तोंड डोळ्यांपुढे आलं, आणि मग सुनेचंही आलं.

"साहेब, मला विचारू नका," त्या म्हणाल्या. "माझा नातू त्याच पाळणाघरात आहे. मी हो म्हटलं तर ते माझ्या घरासाठी म्हटल्यासारखं होईल. छाटूही नका आणि ठेवूही नका. ती दहा दारं संध्याकाळी वाजवा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वजनकाट्याने तिन्ही फेऱ्यांच्या वेळा काढून बघितल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. ही चूक वर बसलेल्या त्यालाही दिसायला हवी होती, असं तो स्वतःच म्हणाला. बाई म्हणाल्या की साहेब, आम्ही तर त्या दारांपुढे उभ्या होतो. मग दोघांनाही हसू आलं, तसं हसण्यासारखं काही नव्हतं तरी.

मोठ्या मॅडमकडे विषय गेला तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटलं, कारण नाही म्हणायला कागद लागत नाही. संध्याकाळची गाडी नाही, जादा भत्ता नाही, मुदत पंधरा दिवसांची. वजनकाट्याने ऐकून घेतलं आणि तेच पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी हो म्हटलं, पण एका अटीवर. बाईंचा यात स्वार्थ आहे आणि तो त्यांनी स्वतःच सांगितलाय, तेव्हा बाईंनी एकही प्रश्न विचारायचा नाही. उत्तरं बघायची नाहीत, ऐकायचीही नाहीत. बाकीच्या पोरी दुसऱ्या भागात गुंतल्या होत्या. म्हणजे उरला वजनकाटा.

वजनकाट्याने जन्मात कुणाची बेल वाजवली नव्हती. बाईंनी त्याला ऑफिसच्याच स्टोअररूमच्या दारावर दोन दिवस तालीम दिली. पहिल्या दिवशी तो बेल वाजवून दाराला नाक लावून उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी दोन पावलं मागे सरायला शिकला, पण इतक्या जोरात की फाइलींचा ढीग कोसळला. प्रत्यक्षात गेला तेव्हा बाई त्याला वाट दाखवायला बरोबर गेल्या आणि खाली गेटपाशी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. वरच्या खिडक्यांत दिवे लागलेले होते. भांड्यांचे, टीव्हीचे, पोरांच्या रडण्याचे आवाज येत होते. ज्या जिन्याने दुपारी त्यांना कधी हूं की चूं केलं नव्हतं, तो जिना आता माणसांनी भरला होता. बाई कट्ट्यावर बसल्या आणि त्यांना शरम वाटली.

पहिलं दार दोन मिनिटांत बंद झालं. वजनकाटा उतरून खाली आला, त्याचे कान लाल झाले होते. बाईंनी काय झालं विचारलं नाही, कारण विचारायचं नव्हतं. एवढंच म्हणाल्या की तिला आज वेळ नसेल. तो दुसऱ्या दाराला गेला. तिथून खाली यायला बराच वेळ लागला, आणि आला तेव्हा त्याच्या मोठ्या शर्टाच्या बाहीवर कुणाची तरी ओली बोटं उमटली होती. पुढे पुढे तो वरून येताना शीळ घालत येऊ लागला. एका घराने त्याला पोर धरायला देऊन स्वयंपाक आटोपला, असं त्याने स्वतःहून सांगितलं. उत्तराबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. बाई त्याच्या तोंडाकडे बघून काही कळतंय का ते बघत, आणि मग स्वतःवरच चिडून दुसरीकडे बघत.

घरी हे लपवून ठेवणं बाईंना जमेना. एका रविवारी दुपारी सून पाळी संपवून आली, जेवली, आणि नातू झोपल्यावर बाईंनी कुणाचं नाव न घेता तिला सगळं सांगितलं. सुनेने ताट घासायला घेतलं. बराच वेळ ती तेच ताट घासत राहिली.

"आई, नुसती मान हलवायची होती," ती म्हणाली.

बाईंना सुचलं ते सगळं ऑफिसातलं होतं, आणि ते स्वयंपाकघरात म्हणून दाखवण्यासारखं नव्हतं. पुढचे काही दिवस घरात अळीमिळी गुपचिळी. सून कामापुरतं बोले, मुलाचा ट्रकवरून फोन आला तर फोन सासूच्या हातात देऊन निघून जाई. मुलाने आईचं ऐकून तुझं बरोबर आहे म्हटलं आणि बायकोचं ऐकून तुझंही बरोबर आहे म्हटलं. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला एवढं शहाणपण असतंच.

शेवटी सुनेनेच कोंडी फोडली. पहाटे निघताना बूट घालता घालता ती म्हणाली, की रोज पहिल्या बसमध्ये आरशातून मागे बघते तर खांद्यावर झोपलेली पोरं घेतलेल्या बायका. कुणी आईकडे सोडायला चाललेली, कुणी जावेकडे, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. पाळणाघर आठला उघडतं, ह्यांचं काम सहाला सुरू होतं. काही पोरं तर तिला आता तोंडावरून ओळखू येतात.

"त्या निघतील, आई," ती म्हणाली. "विचारलं तर निघतील. मी उगीच बोलले."

बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण सुनेला उशीर झाला होता आणि तिची बस कुणासाठी थांबत नाही. बाईंनी तिच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय ना ते बघितलं आणि डबा तिच्या हातात दिला.

दहा दारांपैकी एक घर रिकामंच निघालं, भाडेकरू सोडून गेले होते. एकाने शेवटपर्यंत नाही म्हटलं. आठ घरं बोलली. वजनकाटा वर गेला आणि दार लावून बसला. आकडा जाहीर होईपर्यंत त्याने बाईंना भेटायचं टाळलं, आणि तेच योग्य होतं. पण बाईंना मात्र रात्रीची झोप येईना. आकडा आला तो सगळ्यांबरोबरच त्यांना कळला, नोटीस बोर्डावर. आधीच्या अकराशेंच्या जागी तरुण आयांतल्या साधारण सव्वासातशे जणी कामाला जाणाऱ्या निघाल्या. पहिल्यापेक्षा कमी, पण सहाशेच्या वर. आणि आता तो आकडा एकटीच्या खांद्यावर नव्हता. नऊ जणींनी मिळून उचलला होता. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या बोर्डापुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की शिपायाने खुर्ची आणून दिली.

एकटीच्या उत्तरातून जे कळलं नसतं ते नऊ जणींच्या उत्तरांतून पुढे आलं. कामाच्या वेळा मांडल्यावर दिसलं की बहुतेक जणी उजाडायच्या आत घराबाहेर पडतात. पालिकेने गोदामाचा विचार सोडला, थोडी कुरकुर करून का होईना, आणि पाळणाघर पहिल्या बसच्या आधी उघडायचं ठरवलं. पोपडे आलेल्या भिंतींना रंग द्यायला मात्र पैसे नाहीत असं सांगितलं. ऑफिसच्या गाडीचीही एक संध्याकाळची फेरी सुरू झाली. गाडीवाल्याने यावर फार तोंड वाकडं केलं आणि पहिल्याच आठवड्यात भत्ता मोजून घेतला.

नव्या वेळेच्या पहिल्या दिवशी सून बस काढायला डेपोत गेली आणि बाई नातवाला घेऊन पाळणाघराशी आल्या. अजून अंधुक होतं. दवाखान्याच्या मागच्या बोळात रांग लागली होती, आणि ती बाईंच्या अंदाजापेक्षा बरीच लांब होती. कुणाच्या खांद्यावर पोर झोपलेलं, कुणाचं जागं आणि चिडलेलं. रांगेत बाईंच्या पुढेच लॉंड्रीतली ती उभी होती. पोराला आता ताप नव्हता. तो आईच्या वेणीचं टोक चावत होता.

तिने बाईंना ओळखलं. बाईंच्या कडेवरच्या नातवाकडे बघितलं, मग रांगेच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. तिच्या एकटीवर काही दिवस काय ठेवलं होतं हे बाई तिला सांगू शकत नव्हत्या. कधीच सांगू शकणार नव्हत्या, कुणाचं उत्तर कुठे बोलायचं नाही अशी त्यांनी सही केलेली होती. म्हणून त्या नुसत्या हसल्या.

"बाई, मला वाटायचं असं पोर पळवत कामाला जाणारी मी एकटीच," ती म्हणाली. "घरमालकीण पण तेच म्हणायची, तुझ्यासारखी कुणी बघितली नाही."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"नाही गं. आमच्याही घरात एक आहे," त्या म्हणाल्या.

बोळाच्या तोंडाशी पहिली बस येऊन थांबली होती. पोरं आत सोपवून बाया एकेक करून तिच्याकडे निघाल्या होत्या, मोकळ्या खांद्यांनी. ड्रायव्हरच्या खिडकीतून सून सगळ्या चढायची वाट बघत होती.